हा कोपरा कोणाचा?

दुसऱ्यानं मारलेली गाठ मी एकदा ओढून बघते. फरसाणाच्या पुड्याची सुतळी असो की लग्नमांडवाचा दोर, हात गेल्याशिवाय राहत नाही. नाशिकच्या ज्या शाळेत मी जन्मभर गाईडची शिबिरं घेतली तिथे सगळे म्हणायचे, दामलेबाई आहेत ना, मग काळजी नाही. निरोपसमारंभात प्रत्येक भाषणात हेच आलं आणि मी खाली मान घालून शाल पांघरून घेतली. ही सवय मला कधी लागली हे त्या सभागृहात कोणालाच माहीत नव्हतं. खानदेशातल्या सहा दिवसांबद्दल लिहायचं तर आधी ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं भरीत-भाकरी होऊन बसेल.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या शिबिरात मुलींनी बांबूचा टेहळणी मनोरा बांधला होता. चार कोपरे, चार तुकड्या. एका तुकडीची नायिका वैशाली, नववीतली, भारी चुणचुणीत पोर. मुली जेवायला गेल्या तेव्हा मला तिच्या कोपऱ्याची बांधणी ढिली वाटली. मी ती सोडली आणि स्वतः परत बांधली. जेवणाची घंटा झाली होती, भूक लागली होती, शेवटची गाठ पुरती आवळली नाही. दुसऱ्या दिवशी मनोरा नेमका त्याच कोपऱ्यावर कलला. वर चढलेली एक मुलगी पडली आणि तिचा हात मोडला.

मुख्याध्यापिकांनी सगळ्यांना ओळीत उभं करून विचारलं, "हा कोपरा कोणाचा?"

वैशाली पुढे झाली. म्हणाली, "माझा."

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. काही बोलले नाही. मोडलेला हात दीड महिन्यात जुळला, ती मुलगी आज टेनिस खेळते म्हणे. वैशालीनं गाईडचा गणवेश धुऊन, इस्त्री करून शाळेत परत आणून दिला आणि पुन्हा कधी शिबिराला आली नाही. आणि मी जगातल्या सगळ्या गाठी तपासत सुटले.

माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर ती आहे. तिथे ती कधी काही लिहीत नाही, पण तिचं सासर एरंडोलला आहे एवढं मला त्यातूनच कळलं होतं. म्हणून शिरपूरहून प्रमोदचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की एरंडोल तिथून जवळ आहे. आणि लगेच ठरवून टाकलं, आपण शिबिर करायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं.

धुळे, मग शिरपूर

प्रमोद हा माझ्या एका जुन्या सहकारी बाईंचा जावई. शिरपूरला कॉलेजात शिकवतो आणि सुट्टीत सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची अकरावी-बारावीची मुलं गोळा करून काही ना काही उद्योग करतो. या वेळी त्याच्या डोक्यात ट्रेबुशे बसलं होतं. जुन्या काळी युरोपात किल्ल्यांच्या भिंती फोडायला वापरायचे ते यंत्र. एका उंच सांगाड्यावर लांब दांडा, दांड्याच्या आखूड टोकाला जड वजन, लांब टोकाला गोफण. वजन खाली आलं की दांडा वर उसळतो आणि गोफणीतला गोळा पार लांब जाऊन पडतो. "खिळा एकही नाही मारायचा, बाई," तो फोनवर म्हणाला, "सगळं दोरानं बांधायचं. तुमच्याशिवाय कोण शिकवणार?" चढवलं मला हरभऱ्याच्या झाडावर.

धुळ्याला बस बदलली. डिसेंबर सरत आला होता. नरडाणा मागे पडलं की दोन्ही बाजूंना कपाशी, वेचणी अर्धी झालेली, अर्धी झाडं पांढरी आणि अर्धी नुसती काटक्या. मग तापीचा पूल. आमची गोदावरी मला फार मोठी वाटत आली होती. तापीचं पात्र बघून मी शेजारच्या बाईंना विचारलं, "ही एवढी रुंद असते नेहमी?" त्या म्हणाल्या, "मंग! तापीमाय शे ती." माझ्या प्रश्नाचा त्यांना रागच आला असावा, कारण शिरपूर येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या संध्याकाळी प्रमोदच्या घरी मुक्काम. त्याची आई, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते, अंगणात कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यावर वांगी भाजत बसली होती. हिरवी, पांढुरकी, हातभर लांब वांगी. आमच्या घरी भरीत म्हणजे गॅसवर भाजलेलं वांगं दह्यात कालवायचं, वर थोडी साखर. मी हे सांगितलं मात्र, अक्कांनी हातातली काडी खाली ठेवली.

"साखर?" त्यांनी प्रमोदकडे बघितलं. "काय सांगी ऱ्हायनी ही माय?"

मग मला समजावलं, "भरीतना बठ्ठा जीव काड्यासमा शे. गॅसवरलं आम्ही खातस नही." बठ्ठा म्हणजे सगळा, हे मी अंदाजानं ओळखलं.

लाकडी परातीत मिरच्या, लसूण आणि वांगं ठेचून त्यावर कांद्याची पात, तेलात तळलेले शेंगदाणे. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्या भाकरीपर्यंत मी थांबले नाही. दह्यातल्या भरताबद्दल मी आता घरी काही बोलत नाही.

जेवताना अक्कांनी विचारलं, "खानदेशमा तुम्हनं कोनी वळखीनं शे का?"

"नाही," मी म्हणाले. आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

पाडा

शिरपूरहून उत्तरेला निघालं की पपईच्या बागा संपतात, मग ज्वारी, मग डोंगर अंगावर यायला लागतो. आम्ही उतरलो तो पाडा दोन टेकड्यांच्या मधे होता. कोरडा नाला, अलीकडे घरं, पलीकडे उघडाबोडका उतार. बांबूच्या भिंती, त्यावर मातीचा लेप, वर कौलं. मी सवयीप्रमाणे एका घराच्या पडवीत शिरून वर बघितलं. छपराच्या वाशांना एक खिळा नव्हता. काळपट, लाकडासारख्या कडक झालेल्या बांधण्या. मी एका बांधणीवर नख मारून बघितलं, तर नख दुखलं.

सोळा मुलंमुली होती. त्यातली दोघं पुढे येणार आहेत म्हणून सांगते. रमिला, बारावीची, डावखुरी, बोलणं तुटक, पण बोलली की समोरच्याला उत्तर सुचू नये असं. आणि दिलवर, तिच्याच वर्गातला, गोफणीत तरबेज. ज्वारीवरची पाखरं हाकलून हाकलून त्याचा हात असा बसलेला की नाल्यापलीकडच्या दगडावर सांगून दगड मारायचा. ट्रेबुशे हे नाव दहा मिनिटांत गळून पडलं. मुलांनी त्याला मोठी गोफण म्हणायला सुरुवात केली आणि मीही तेच म्हणू लागले.

पहिल्या दिवशी मी वाळक्या काठ्यांवर चौकोनी बांधणी शिकवली. दोन काठ्या काटकोनात, सुरुवातीला खुंटगाठ, मग चारदा वळसे, मग दोन काठ्यांच्या मधून दोरानं दोराला आवळायचं, शेवटी परत खुंटगाठ. नाशिकहून सुती दोराच्या वीस गुंड्या नेल्या होत्या. मुलं भराभर शिकली. मी प्रत्येकाची गाठ ओढून बघितली, अर्ध्यांच्या सोडायला लावल्या आणि मनातून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी खरा सांगाडा. ताजे, हिरवे बांबू आले. दांड्यासाठी रमिलाच्या आजोबांनी, नारसिंगबाबांनी, घरात पडलेला जुना सागाचा वासा दिला. दांडा ज्यावर फिरणार तो आस म्हणजे लोखंडी पहार. वजनाला बारदानात नाल्यातली वाळू, आणि फेकायला दगडांऐवजी सडक्या पपया आणायचं प्रमोदनं ठरवलं होतं. मुलं माझे सुती दोर घेऊन बांधायला लागली, तेव्हा बाबा जवळ येऊन उभे राहिले. हसले. मग पोरांशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले आणि सगळी पोरं दोर टाकून पळाली.

"काय झालं?" मी प्रमोदला विचारलं.

"बाबा म्हणतात, शहरातला दोर हिरव्या बांबूवर राहणार नाही. वाख आणायला पाठवलंय."

वाख म्हणजे पळसाच्या मुळ्या ठेचून, पाण्यात भिजवून काढलेला तंतू. ओला असतानाच बांधायचा. तो बांबूला चिकटून बसतो आणि रात्रभरात वाळून कडक होतो. मुलांनी बादलीत वाख भिजवला आणि चारी कोपरे त्यानंच बांधले. मला ते बघवेना. ना नीट मोजून वळसे, ना दिसेलशी शेवटची गाठ, ओला चिखलासारखा गोळा नुसता. प्रमोद म्हणाला, "बाई, त्यांची घरं उभी आहेत की याच्यावर." मी म्हटलं, "घरावरून कोणी पपया फेकत नाही."

दुपारी मुलं जेवायला गेली.

मी मागे थांबले. का थांबले ते मला तेव्हा ठाऊक होतं आणि आताही आहे. नाल्याकडचा कोपरा रमिलाच्या तुकडीचा होता. वजनाची गोण त्याच बाजूला लोंबणार होती. मी बोटांनी दाबून बघितलं तर वाख मऊ लागला. मी तो उलगडला, बादलीत टाकला आणि माझ्या सुती दोरानं पुस्तकात आहे तशी चौकोनी बांधणी घातली. चारी कोपरे बदलायचे होते, पण तेवढ्यात प्रमोदनं हाक मारली, "बाई, पिठलं थंड होतंय!" मी हात पुसले आणि गेले. उरलेला दिवस मुलं गोफणीची झोळी शिवण्यात आणि वाळू भरण्यात होती. कोपऱ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

सकाळ

पाड्यावर घर बांधायला सगळे येतात. मजुरी नाही, ज्याचं घर तो जेवण घालतो. आणि बांधून झालं, वाख वाळला, की दुसऱ्या सकाळी एक गोष्ट करतात. ज्यानं जो कोपरा बांधला, तो माणूस त्या कोपऱ्याच्या आडव्या बांबूला लटकतो. दोन्ही पाय उचलून, सगळा भार टाकून. मग घरधनी आत पाऊल ठेवतो. हे मला तिसऱ्या दिवशी सकाळी कळलं, जेव्हा पहिल्या तुकडीतला मुलगा आडव्या बांबूला धरून वटवाघळासारखा लोंबला आणि बाकीच्यांनी जल्लोष केला.

दुसऱ्या कोपऱ्याला दिलवर लटकला. तिसऱ्यालाही एकजण. चौथ्याला रमिला आली, हात वर नेला आणि थांबली.

"ही माझी नाही."

"अगं, तुझाच तर कोपरा," प्रमोद म्हणाला.

"कोपरा माझा. गाठ माझी नाही, सर. मी डावरी, माझे वळसे उलटे जातात. आणि हा सुताचा दोर." ती वळली आणि थेट दिलवरसमोर जाऊन उभी राहिली. "तूच ना?"

आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं, गोफणीची दोरी किती लांब ठेवायची यावरून. सगळ्यांना ते माहीत होतं.

"मी हातपण नाही लावला," दिलवर म्हणाला.

"खोटं बोलतो."

"आईची शपथ नाही लावला!"

कोणाचा विश्वास बसला नाही. प्रमोदचासुद्धा नाही, तो दिलवरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "केलं असशील तर सांगून टाक, काही होत नाही." दिलवरचे कान लाल झाले. तो माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

 खरं सांगते, त्या क्षणीही माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते हेच, की गप्प बसलं तर निभावून जाईल. पोरांची भांडणं, दुपारपर्यंत मिटतील. साठीची बाई मी, सोळा पोरांसमोर, बाबांसमोर, काय तोंड दाखवू? एवढा हिशोब व्हायला किती वेळ लागतो? दिलवरनं आवंढा गिळला तेवढाच.

"माझी आहे," मी म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले.

"काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी सोडली आणि परत बांधली. मला वाटलं ढिली आहे. दिलवरचा काही संबंध नाही."

 रमिला माझ्याकडे नुसती बघत होती. मग तिनं विचारलं, त्यात उद्धटपणा नव्हता, ती खरंच विचारत होती, "मग मॅडम, याच्यावर कोण लटकणार?"

प्रमोद म्हणाला, "अगं, मॅडमचं वय..." मी त्याला गप्प केलं. पदर खोचला, चपला काढल्या. आडवा बांबू माझ्या डोक्यापेक्षा थोडा वर होता. दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि पाय उचलले.

एक, दोन असं मोजायलाही वेळ मिळाला नाही. सुती दोर हिरव्या बांबूच्या गुळगुळीत अंगावरून सुळ्ळकन घसरला, आडवा बांबू हातभर खाली आला आणि मी वाळूत बदकन बसले. लागलं काही नाही. अपमान मात्र सणसणीत. माझी गाठ सुटली नव्हती बरं का, गाठ जशीच्या तशी होती. सगळी बांधणीच घसरली होती. जन्मभर वाळक्या बांबूवर शिकवलं, हिरवा बांबू वेगळा असतो हे बाबांनी तोंडावर सांगितलं तरी ऐकलं नाही.

नारसिंगबाबांनी हात देऊन मला उठवलं. म्हणाले, "आज पडली ते चांगलं. उद्या गोण पडली असती पोरांवर."

मुळ्या ठेचताना

वाख संपला होता, म्हणून त्या दिवशी नवा काढायचा होता. मी रमिलाला म्हटलं, मला शिकव. आम्ही दोघी नाल्याच्या काठावर दगडावर पळसाच्या मुळ्या ठेचत बसलो. मला नीट जमेना, मुळीऐवजी दोनदा बोट ठेचलं. ती बघून न बघितल्यासारखं करत होती, आणि त्याबद्दल मला तिचे आभार मानावेसे वाटले.

"मॅडम, तुम्ही सांगायला एवढा वेळ का लावला?" ती मधेच म्हणाली. म्हणजे तिनं ते पाहिलं होतं.

मग मी तिला मनोऱ्याचं सांगितलं. सगळं. आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि तो जाऊन आता सात वर्षं झाली. एका सतरा वर्षांच्या मुलीला, जिला मी तीन दिवसांपूर्वी ओळखतही नव्हते, मी सांगत सुटले.

तिनं ठेचणं थांबवलं नाही. "मग त्या ताईला कधी सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"अजून?"

"अजून."

ती मुळी उलटी करून दुसऱ्या बाजूनं ठेचायला लागली. मग म्हणाली, "म्हणजे त्या अजून तोच कोपरा धरून बसल्या असतील."

मला कोणी एवढं सरळ कधी बोललं नव्हतं. त्या दुपारी मी ग्रुपवरून वैशालीचा नंबर काढला. पाड्यावर रेंज येते ती एका चिंचेखाली. तिथे उभं राहून फोन लावला. "बाई? तुम्ही?" ती इतकी आनंदानं बोलली की ते फोनवर सांगायचं मी टाळलं. "परवा येते गं तुझ्याकडे," एवढंच म्हणाले.

पपई

चौथ्या दिवशी चारही कोपऱ्यांवर लटकून झालं. रमिला सगळ्यात जास्त वेळ लटकली, उगीचच, आणि दिलवर खालून ओरडला, "बस, आता झोका घेतेय का?" दोघांचं मिटलं होतं वाटतं. माझ्याशी ती सकाळपासून एकदाही बोलली नव्हती, पण वाखाची बादली मी उचलायला गेले तेव्हा तिनं दुसरी कडी धरली.

शिरपूरच्या एका बागेतून प्रमोदनं गळून सडलेल्या पपया पोतं भरून आणल्या होत्या. पहिली पपई गोफणीत ठेवली, सगळे मागे सरले, प्रमोदनं दोर ओढून खुंटी काढली. गोण खाली, दांडा वर, आणि पपई सरळ आकाशात. आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. ती जशी गेली तशीच खाली आली आणि प्रमोदच्या मोटारसायकलच्या सीटवर फुटली.

दिलवर पुढे गेला आणि गोफणीची दोरी वीतभर लांब केली. रमिलानं कबूल केलं, "हो, हेच म्हणत होता हा." दुसरी पपई नाल्यावरून गेली, पलीकडच्या उतारावर जाऊन आपटली आणि उघड्या मातीवर पिवळा डाग उमटला. काय आरडाओरड! पाड्यातल्या बायका पोरं कडेवर घेऊन बाहेर आल्या, नारसिंगबाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. पोतं संपेपर्यंत फेकलं. सांगाडा कुरकुरला, डुलला, पण चारही कोपरे तसूभर हलले नाहीत. मी एकाही गाठीला हात लावला नाही. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू, पण पाठीमागे धरून उभी राहिले.

निघताना बाबांनी वाखाची एक गुंडी माझ्या पिशवीत टाकली. "भिजवून बांध," म्हणाले.

एरंडोल

शिरपूरहून चोपडा, धरणगाव करत दुपारी एरंडोलला पोचले. वैशालीचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. ती दारातच उभी होती, कडेवर चार महिन्यांचं बाळ. धाकट्या जावेचं, जाऊ कामावर जाते, बाळाला दिवसभर हीच बघते. छत्तीस वर्षांची वैशाली जरा जाड झाली होती, पण हसणं तेच.

"बाई, चार दिवस राहा. उद्या पद्मालयाला नेते तुम्हाला गणपतीला."

"आधी बसू दे गं मला."

बाळ किरकिरत होतं. झोपेला आलं होतं. छताच्या कडीखाली जमिनीवर एक धुतलेलं लुगडं आणि दोर पडला होता. वैशाली बाळाला खांद्यावर थोपटत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होती.

"झोळीत टाक ना त्याला," मी म्हणाले.

"सकाळी धुवायला काढली. दीर आले की बांधतील."

"किती वाजता येतात?"

"सहाला."

दोन वाजले होते.

"तू का नाही बांधत?"

ती हसली, अगदी सहज. "मला नाही जमत गाठी, बाई. तुम्हाला तर माहितीच आहे." आणि बाळाच्या पाठीवर थोपटत पुढे म्हणाली, "सगळ्यातच तसं आहे माझं. कुलूप लावलं तरी कोणाला तरी बघायला लावते. गॅस तीन-तीनदा बघते. हे चिडवतात मला."

मी पिशवी खाली ठेवली. वाटेत बसमधे मी किती तरी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"वैशाली, मनोऱ्याचा तो कोपरा तुझा नव्हता. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी तुझी बांधणी सोडली आणि परत बांधली. सुटली ती माझी गाठ. तुझी पक्की होती."

ती थांबली. बाळाच्या पाठीवरचा हातही थांबला.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मी पुढे झाले तेव्हा?"

"हो. घाबरले मी. नोकरी जाईल असं वाटलं... नाही, ते नको सांगायला. घाबरले, एवढंच खरं."

"मी चौदा वर्षांची होते, बाई."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले, पण त्यात माया नव्हती, राग होता, बावीस वर्षं उशिरा आलेला. मी मान खाली घातली नाही. माफीही मागितली नाही, म्हणजे शब्द तोंडात आले होते, पण तिनं लगेच काहीतरी द्यावं असं मागणं मला त्या वेळी लाज वाटण्यासारखं वाटलं. मी तिला पाड्यावरचं सांगितलं. दिलवरचं, रमिलाचं, लटकायचं आणि माझं पडणं. ते ऐकताना ती हसली नाही.

मग तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, त्यावर चढली. लुगड्याची दोन्ही टोकं गोळा केली, दोर कडीतून ओवला, वळसे घेतले. पहिल्यांदा चुकली, सोडून परत घेतले.  माझं बाळाकडे लक्ष नव्हतं, तिच्या बोटांकडे होतं. एक वळसा मला उलटा वाटला आणि माझा हात आपोआप वर गेला.

"बाई," ती वरूनच म्हणाली, माझ्याकडे न बघता, "तुम्ही हात लावायचा नाही."

मी हात खाली घेतला.

तिनं शेवटची गाठ आवळली, स्टुलावरून उतरली आणि दोन्ही हातांनी झोळी धरून पाय उचलले. कडी करकरली. ती तशीच लोंबकळत राहिली, हात भरून येईपर्यंत, मोठ्या अंगाची बाई, साडीचा पदर जमिनीवर लोळतोय, आणि रडतेय. झोळी हलली नाही.

मग खाली उतरून तिनं तोंड पुसलं, माझ्या मांडीवरचं बाळ उचललं आणि स्वतःच्या गाठीच्या झोळीत ठेवलं. दोन झोक्यांत ते झोपलं. ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.